पद्मिनी, ओलं फडकं आणि एक वही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी फोन करून विचारलं त्या सगळ्यांना एकच उत्तर : आम्ही दोघंही बरे आहोत, गाडी बंद पडत होती. हसू नका. आमच्या घरात गाडी बंद पडणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८६ चं मॉडेल. आम्ही ती १९९४ मध्ये जुनी म्हणून घेतली. मारुती आल्यावर लोकांना पद्मिनी नकोशी झाली होती आणि त्यामुळेच ती आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली. आमचे हे तेव्हा परळच्या रेल्वे वर्कशॉपात चार्जमन होते, इलेक्ट्रिकल खात्यात. वर्कशॉप घरापासून चालत दहा मिनिटांवर, माझी शाळा सात मिनिटांवर. मग गाडी हवीच कशाला, असं सासूबाईंनी विचारलं होतं. त्याला उत्तर नव्हतं. यांना इंजिन हवं होतं, गाडी त्याच्याबरोबर आली, एवढंच खरं.

नव्या पिढीतल्या वाचकांसाठी थोडी माहिती. (शिक्षिका आहे, सवय जात नाही.) सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना आपल्या कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी तिथे बनू लागली. मुंबईच्या रस्त्यावर ती टॅक्सी म्हणून आली १९६४ मध्ये. पुढे १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी हे चितोडच्या राणीचं नाव मिळालं. इंजिन तेच, १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. २००० सालाच्या आसपास गाडी बनायची बंद झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो आले होते. ज्यांनी तिच्या मागच्या सीटवर स्प्रिंगा टोचून घेतल्या तेही हळहळले.

त्याच वर्षी, २०२३ च्या मार्चमध्ये, यांना अर्धांगवायूचा झटका आला.

उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं. पाय बराच सुधारला, काठीने चालतात. हात थोडा. बोलणं मात्र अडलं. त्याला वाचाघात म्हणतात. ऐकलेलं कळतं, मनात काय म्हणायचं आहे ते पक्कं असतं, पण शब्द काढायला गेलं की दुसराच हाती लागतो. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी १८६१ मध्ये अशाच एका रुग्णाचा मेंदू तपासला होता. तो माणूस कितीतरी वर्षं 'टॅन' एवढाच एक उच्चार करत असे. आमच्याकडे तेवढी वाईट स्थिती नाही. हे चहाला 'चावी' म्हणतात, पेपरला 'पेटी' म्हणतात. बघा, पहिलं अक्षर बरोबर असतं! चाळीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे ते माझ्या लवकर लक्षात आलं. शब्द कपाटाच्या बरोबर कप्प्यातून निघतो, पण शेजारचा निघतो. आमच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, ते काय म्हणाले आणि कुठे म्हणाले, दोन्ही लिहून ठेवत जा. तेव्हापासून मी वही ठेवते.

घरात मात्र हळूहळू एक गोष्ट होत गेली. यांना कोणी काही विचारेनासं झालं. मुलगा पुण्याहून फोन करतो तो माझ्याशीच बोलतो, "बाबा कसे आहेत?" बाबा समोरच्या खुर्चीवर बसलेले असतात. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून यांच्याबद्दल बोलतात. त्यात कोणाची वाईट बुद्धी नाही. उत्तर ऐकायला वेळ लागतो आणि वेळ कोणाकडे नसतो.

आता गाडीचं. आठवड्यातून दोनदा आम्ही शिवाजी पार्कच्या बाजूला फिजिओथेरपीला जातो. यांना आजकालच्या टॅक्सीत बसवणं म्हणजे दिव्य असतं. मान वाकवा, पाय उचला, मधल्या गिअरच्या दांड्याला गुडघा लागू देऊ नका. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे आणि पुढची सीट एकसंध, बाकासारखी. हे दारात पाठमोरे उभे राहतात, बसतात, मग डावा पाय, मग उजवा. कोणाचा हात न धरता. दोन वर्षांत ज्या मोजक्या गोष्टी ते एकटे करतात त्यातली ही एक. त्यामुळे "गाडी विका आणि ॲपवरून टॅक्सी बोलवत जा" असं मुलगा म्हणाला की मी ऐकून घेते आणि विषय बदलते.

गाडी चालवतात आमच्या मजल्यावरचे शेजारी. यांना ते दादा म्हणतात आणि मला वहिनी. तीस वर्षं टॅक्सी चालवली त्यांनी, सगळी पद्मिनीच. २०१९ मध्ये त्यांची टॅक्सी भंगारात गेली. आमची गाडी चालवायचे ते पैसे घेत नाहीत, फक्त वाटेत गाडीशी बोलू द्यायचं असतं त्यांना.

तर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि तिकडची सगळी वाहतूक टिळक पुलावर आणि करी रोडला आली. पूर्वी पंधरा-वीस मिनिटांत व्हायचा तो प्रवास पाऊण तासाचा झाला. आणि आमची गाडी बंद पडायला लागली. पहिल्यांदा खोदादाद सर्कलला, दुसऱ्यांदा बरोबर टिळक पुलाच्या चढावर. मागे बेस्टची बस. बाकीचं तुम्ही कल्पनेने भरा.

शेजाऱ्यांचं निदान तयार होतं. "वहिनी, पंप तापलाय." उतरले, बॉनेट उघडलं, डिकीतून फडकं काढलं, पाण्यात भिजवलं आणि पेट्रोल पंपावर गुंडाळलं. वीस मिनिटांनी सेल्फ मारला, गाडी सुरू. मुंबईत ज्यांनी उन्हाळ्यात पद्मिनी टॅक्सीतून प्रवास केला आहे त्यांना हे ओलं फडकं आठवत असेल. त्यात तथ्य आहे बरं का. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बोल्टने बसवलेला असतो, इंजिनच्याच कॅमशाफ्टवर चालतो. गाडी गर्दीत रांगत असली की हवा लागत नाही, पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढत बसतो. फडक्याने पंप गार होतो, वाफेचं परत पेट्रोल होतं. हे काही अडाणीपणाचं औषध नाही.

पण गाडी पुन्हा बंद पडली. आणि पुन्हा. मग एका गॅरेजमध्ये नेली. नाव सांगत नाही. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच "कार्बोरेटरमध्ये कचरा आला असणार" असं सांगितलं. हा कचरा हे मोठं सोयीचं निदान आहे. पोटात दुखतंय म्हटलं की पूर्वी सगळ्यांना एरंडेल देत, तसं. कार्बोरेटर साफ झाला, पंप नवा आला, प्लग नवे आले. पाच हजार दोनशे रुपये. तिसऱ्या दिवशी गाडी हिंदमाताला बंद!

मग मुलगा म्हणाला, हे नव्या पेट्रोलमुळे आहे. २०२५ पर्यंत पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं, आणि इथेनॉल जुन्या गाड्यांच्या रबराला सोसत नाही, हे खरं आहे. म्हणून पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. बदलायलाच हव्या होत्या, पेट्रोलची नळी चिरली तर आगीचा धोका. पण बंद पडणं काही थांबेना. "आई, आता बस झालं. बाबांना त्यातलं काही कळत नाही आता, तुला गाडी येत नाही, कोणासाठी ठेवायची?" असं मुलगा म्हणाला. फोन स्पीकरवर होता. यांनी पेपर बाजूला ठेवला आणि आत जाऊन पडले.

मी दुसऱ्या दिवशी वहीत नवं पान काढलं. आमच्या शाळेत शास्त्राचे एक सर होते, ते मुलांना सांगत, प्रयोगात काय झालं ते लिहा, काय व्हायला हवं होतं ते लिहू नका. मी भाषेची शिक्षिका, पण त्या वाक्याचा मला हेवा वाटायचा. मी रकाने आखले. निघाल्याची वेळ. बंद पडल्याची वेळ. जागा. टाकीत पेट्रोल किती. कशी बंद पडली. फडकं घातलं का. किती मिनिटांनी सुरू झाली. आणि शेवटी शेरा, त्यात हे काय म्हणाले ते.

सहा फेऱ्यांची नोंद झाली. त्यातून तीन गोष्टी डोळ्यांत भरण्यासारख्या होत्या.

गाडी सव्वीस ते बत्तीस मिनिटांनी बंद पडे. वरळीच्या बाजूने मोकळ्या रस्त्याने नेली तरी तेवढ्याच वेळाने. वारा लागला काय, न लागला काय.

दुसरं, ती आचके देत बंद पडत नसे. पेट्रोल कमी पडलं की गाडी खोकते, धक्के देते, मग मान टाकते. ही तशी नव्हती. स्वयंपाकघरातला दिवा घालवावा तशी खटकन जात होती.

आणि तिसरं फडक्याचं. पाचव्या वेळी मी शेजाऱ्यांना म्हटलं, आज फडकं नको, नुसते बसून राहू. त्यांचा चेहरा असा झाला की मी जणू आजाऱ्याचं औषध बंद करायला सांगितलं. गाडीला पाठ करून ते फुटपाथवर उभे राहिले. गाडी बावीस मिनिटांनी सुरू झाली. फडकं घातलेल्या दिवशी वीस, एकवीस, चोवीस. म्हणजे गुण फडक्याचा नव्हता, थांबण्याचा होता. फडकं घालायला, चहा प्यायला, पाऊस आला की नाही यावर बोलायला जी वीस मिनिटं जात होती ती गाडी बरी करत होती. (ताप तीन दिवसांनी आपोआप उतरतो आणि श्रेय अंगाऱ्याला मिळतं, तसंच.) शेजारी म्हणाले, "वहिनी, आज हवा गार होती." ऑक्टोबरची दुपार होती.

राहिला शेऱ्याचा रकाना. सहापैकी पाच वेळा तिथे एकच शब्द लिहिलेला होता. कंदील.

गाडी बंद पडली की हे डाव्या हाताने बॉनेटकडे बोट करत आणि म्हणत, "कंदील. कंदील." आम्ही काही बोललो नाही की चिडून, "कं… कंदील!" शेजारी म्हणाले, दादांना दिवाळीची आठवण झाली. तेही साहजिक होतं, दिवाळी आठवड्यावर आली होती आणि परळ-लालबागच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना आकाशकंदील टांगलेले होते. मुलाला फोनवर सांगितलं तर तो बिचारा शनिवारी पुण्याहून येताना चांगला पारंपरिक कागदी कंदील घेऊन आला. यांनी तो बघितला आणि भिंतीकडे तोंड केलं.

माझ्या वहीत मात्र एक गोष्ट होती. हा शब्द हे घरात कधीच म्हणाले नव्हते. बाजारातून, टांगलेल्या कंदिलांखालून चालतानाही नाही. फक्त गाडीत, तेही ती बंद पडल्यावर. पहिलं अक्षर खरं आणि पुढचा शब्द शेजारचा, हे मला माहीत होतं. म्हणजे गाडीच्या पोटात 'कं' ने सुरू होणारं काहीतरी असणार. आता मला त्यातलं कार्बोरेटर ठाऊक, क्लच ठाऊक. यांना कागदावर लिहायला सांगितलं तर डाव्या हाताने एक आडवी रेघ, तिच्याखाली दुसरी, दोन्हींच्या मध्ये फट, असं काहीतरी काढून दिलं. तो कागद मी वहीत ठेवला.

लालबागच्या एका गल्लीत माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. गॅरेज म्हणजे एक शटर आणि समोरचा फुटपाथ. १९८३ च्या दहावीचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, वडील घरी बसले आणि हा मुलगा शाळा सुटली की टॅक्सींच्या गॅरेजवर जाऊन हवा भरायला लागला. माझ्या वर्गात त्या वर्षी असे अकरा जण होते. कोणी पेपर टाकत, कोणी वडापावच्या गाडीवर. तो दहावीनंतर तिथेच राहिला. आता त्याच्याकडे पद्मिनी येते ती वर्षाला चार-पाच, बाकी सगळ्या नव्या गाड्या, ज्यांना कॉम्प्युटर लावावा लागतो.

तो म्हणाला, "बाई, बसा." स्टुलावरची बॅटरी उचलून खाली ठेवली. मी वही दिली. त्याने ती वाचली, अगदी रकान्यावर बोट ठेवून. (दहावीत असताना अशी वाचली असतीस तर, असं मनात आलं, पण बोलले नाही.) शेवटच्या रकान्यापर्यंत आला, कागद बघितला आणि मोठ्याने हसला.

"बाई, कंदील नाही हो. कंडेन्सर म्हणतायत काका. हे बघा, हे त्याचं चित्र. दोन पट्ट्या आणि मध्ये फट."

मंडळी, कंडेन्सर म्हणजे काय ते त्याने मला सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. पेट्रोल पेटवायला प्लगमध्ये ठिणगी लागते. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, तेवढ्यावर ठिणगी उडत नाही. म्हणून कॉइल नावाच्या डब्यात तारेची हजारो वेटोळी असतात. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट नावाची एक छोटी जोडी सतत उघडझाप करते. पॉइंट मिटला की कॉइलमधून करंट वाहतो, उघडला की एकदम तुटतो, आणि त्या तुटण्यामुळेच कॉइलमध्ये दहा-वीस हजार व्होल्टचा झटका तयार होतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या फिरत असेल तर चार सिलिंडरना मिळून मिनिटाला सहा हजार ठिणग्या लागतात, सेकंदाला शंभर. पण करंट असा सहजासहजी तुटत नाही. चाळीतला नळ एकदम बंद केला की पाइप कसा धडधडतो? तसा तो पॉइंटच्या फटीतून उडी मारून जायला बघतो. पॉइंट जळतात आणि ठिणगी कमजोर पडते. ती उडी शोषून घ्यायला पॉइंटच्या जोडीला एक बारीकसा डबा लावलेला असतो, करंगळीच्या पेराएवढा. तो कंडेन्सर. तो म्हातारा झाला की गार असताना काम करतो आणि तापला की सोडून देतो. गार झाला की परत शहाणा.

(ही सगळी युक्ती अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमाराला मोटारीत रुजवली. ते इंजिनिअर होण्याआधी खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.)

मी म्हटलं, मग बदलून टाक. तो म्हणाला, "दीडशे रुपयांची वस्तू आहे बाई, आत्ता बदलतो. पण कॉइलसुद्धा अशीच तापून बंद पडते. दोन्ही बदलली आणि गाडी नीट चालली, तर नेमकं काय गेलं होतं ते कळणार नाही. आणि नाही चालली तर काकांचं खोटं ठरेल. मला एकदा बंद पडलेली बघू द्या."

हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. आधीच्या गॅरेजमध्ये गाडी नेहमी चालू होऊन पोचत होती. दुखणं रस्त्यावर आणि तपासणी बरं झाल्यावर, असं चाललं होतं.

रविवारी दुपारी बारा वाजता आम्ही चौघे निघालो. पुढे शेजारी आणि हे, मागे मी आणि मिस्त्री. त्याच्या मांडीवर एक जुनी कॉइल, एक नवा कंडेन्सर, वायरचे तुकडे आणि पक्कड. परळ, दादर, परत लालबाग. गाडी अठ्ठावीस मिनिटं कौतुकाने चालली आणि भारतमाता सिनेमाच्या अलीकडे खटकन गेली. शेजारी सवयीने फडक्याला हात घालायला लागले. मिस्त्री ओरडला, "मामा, हात लावू नका! आता एक मिनिटसुद्धा गार होऊ द्यायची नाही."

आधी त्याने कार्बोरेटरकडे येणारी पेट्रोलची नळी काढून बाटलीत धरली आणि शेजाऱ्यांना सेल्फ मारायला सांगितलं. पेट्रोल पिचकारीसारखं आलं. म्हणजे पंप ठीक. नळी परत घट्ट बसवली, बाटलीला बूच लावून ती मला दिली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं, कारण पुढे ठिणगी काढायची होती. उघड्या पेट्रोलजवळ ते कधीही करायचं नसतं. मग डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढून पकडीने इंजिनच्या लोखंडापासून थोडी दूर धरली. सेल्फ मारला. चांगली ठिणगी निळी आणि जाड असते, तडतड वाजते. आली ती भुतासारखी पिवळट, मेलेली. मी पलीकडून बघत होते, मला दिसलीसुद्धा नाही.

मग कॉइल. जुन्या कॉइलच्या वायरी काढून त्याने आणलेल्या कॉइलला जोडल्या. ठिणगी तशीच पिवळी. ती काढून मूळची कॉइल परत जोडली. एका वेळी एकच बदलायचं, असं तो स्वतःशीच बोलत होता. मग डिस्ट्रिब्युटरजवळच्या कंडेन्सरची वायर सोडवली आणि नवा कंडेन्सर बाहेरूनच, एका वायरने कॉइलला आणि त्याचं पत्र्याचं अंग इंजिनच्या बॉडीला टेकवून धरला. सेल्फ मारला.

तड्, तड्, तड्. निळी. ही मला रस्त्याच्या पलीकडून दिसली.

जाड वायर जागेवर बसवली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. बंद पडल्यापासून नऊ मिनिटं झाली होती, वहीत आहे. इतकी गरम असताना ती यापूर्वी कधीच सुरू झाली नव्हती.

मिस्त्री जुना कंडेन्सर तळहातावर घेऊन यांच्या खिडकीशी गेला. "काका, हाच ना?" यांनी तो डाव्या हातात घेतला, चिमटीत फिरवून बघितला. ओठ हलले, दोनदा प्रयत्न केला, आणि शेवटी आला तो शब्द "कंदील"च. पण या वेळी हे हसले. मिस्त्रीही म्हणाला, "बरोबर काका, कंदील गेलाय." त्याच्या गॅरेजमधली पोरं आता त्याला कंदीलच म्हणतात, असं ऐकलं.

गॅरेजवर जाऊन त्याने नवा कंडेन्सर नीट बसवला, जळालेले पॉइंट बदलले आणि फट लावायला फीलर गेज काढलं. मग काय मनात आलं कोण जाणे, पॉइंट पूर्ण उघडतील अशा बेताने इंजिन थोडं फिरवून ठेवलं, आणि ते गेज यांच्या हातात दिलं. हे काठीवर एक हात ठेवून बॉनेटवर वाकले, पाती फटीत सरकवली, मान हलवली, नाही. मिस्त्रीने स्क्रू कणभर फिरवला. नाही. परत फिरवला. तिसऱ्या वेळी यांनी गेज काढून घेतलं आणि पुसलं. एकही शब्द लागला नाही. मला स्टूल दिलं होतं, पण मी उभीच होते.

एकूण बिल सहाशे चाळीस रुपये. मजुरी घ्यायला तयार नव्हता, मी शिक्षिकेचा आवाज काढल्यावर घेतली.

त्यानंतर महिनाभर गाडी एकदाही थांबली नाही. शेजाऱ्यांनी फडकं डिकीतून काढलेलं नाही. त्यांचं म्हणणं, कंडेन्सर गेला होता हे खरं, पण पंपही तापत होताच. असू दे. तीस वर्षांत त्या फडक्याने त्यांना शेकडो वेळा घरी पोचवलं असेल.

मुलाला मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांना दे." मी फोन यांच्या कानाला लावून स्वयंपाकघरात गेले. काय बोलणं झालं माहीत नाही, एका बाजूने 'हं' आणि 'नाही' एवढंच ऐकू येत होतं, पण अकरा मिनिटं चाललं. आता तो दर रविवारी आधी यांच्याशी बोलतो. त्याच्या गाडीच्या ब्रेकमधून आवाज येतो, तो त्याने फोन चाकाजवळ धरून ऐकवला. यांनी मला कागद मागितला.

आमच्या गाडीचं नूतनीकरण २०२६ मध्ये आहे, पाच वर्षांनी करावं लागतं ते. वीस वर्षांवरच्या गाड्यांची फीही वाढली आहे. मिस्त्रीने दुरुस्तीची यादी दिली आहे : टॅपेट कव्हरचं पॅकिंग, पुढचे दोन शॉक ॲब्सॉर्बर, डाव्या दाराखालचा गंजलेला पत्रा. यांनी ती वाचली आणि पेन घेऊन शेवटी डाव्या हाताने एक ओळ वाढवली. अक्षर लागत नाही. पहिलं अक्षर 'रे' आहे. रेडिएटर असेल, नाहीतर रेग्युलेटर. उद्या वही घेऊन लालबागला जाणार आहे.